पानांचा हिशेब : पेज कॅशमधील मोठ्या फोलिओंविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात लिनक्सच्या पेज कॅशची, म्हणजे डिस्कवरून वाचलेला मजकूर मेमरीत जपून ठेवणाऱ्या साठ्याची, ओळख करून देताना, 'फाइलमधला मजकूर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आता एकेका ४ केबीच्या पानाऐवजी मोठ्या गठ्ठ्यांनी मेमरीत ठेवू लागला आहे' असे एक वाक्य ओझरते लिहून गेलो होतो. त्या एका वाक्यावर जितकी पत्रे आली, तितकी उरलेल्या सबंध लेखावर आली नाहीत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरांत मेमरीच्या पेजसाठी 'पान' हा शब्द वापरला आहे; पेज कॅश, पेज टेबल, फोलिओ (सलग पानांचा असा गठ्ठा) हे शब्द मात्र रुळलेले असल्यामुळे तसेच ठेवले आहेत.

प्रश्न : एकही मोठा प्रोग्रॅम चालू नसताना माझ्या संगणकाची बरीचशी मेमरी भरलेली दिसते. ती पेज कॅशच का? आणि तिचा पानाच्या आकाराशी काय संबंध?

उत्तर : बहुतांशी तीच. डिस्कवरून एकदा वाचलेला मजकूर कर्नल लगेच टाकून देत नाही, कारण तोच मजकूर पुन्हा मागितला गेला तर डिस्कपर्यंतची फेरी वाचते. आणि पडून राहिलेली मेमरी कर्नलच्या लेखी फुकट गेलेली मेमरी असते. यातली न बदललेली पाने गरज पडताच सोडून देता येतात, म्हणून 'वापरात' या आकड्याने घाबरून न जाता 'उपलब्ध' हा आकडा पाहावा.

कर्नल प्रत्येक फाइलसाठी एक अनुक्रमणिका ठेवतो. फाइलमधला अमुक क्रमांकाचा तुकडा मेमरीत आहे का आणि असल्यास कुठे, हे तिच्यावरून कळते. या अनुक्रमणिकेतली एक नोंद किती मजकुराला पुरते, हाच या सगळ्या चर्चेचा गाभा आहे. वर्षानुवर्षे एका नोंदीला ४ केबी हे समीकरण होते.

प्रश्न : मोठ्या पानांचा फायदा टीएलबीमुळे होतो, असे सगळीकडे वाचायला मिळते. पेज कॅशच्या बाबतीतही तेच कारण आहे का?

उत्तर : ते अर्धे कारण आहे, आणि पेज कॅशपुरते बोलायचे तर अर्ध्याहूनही कमी. या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांचा पाया यातच आहे.

आधी टीएलबीविषयी. प्रोग्रॅम वापरतो तो आभासी पत्ता आणि मेमरीतला खरा पत्ता यांची सांगड पेज टेबलमध्ये असते. एक्स८६-६४ प्रोसेसरवर नेहमीच्या रचनेत या टेबलच्या चार पायऱ्या असतात, आणि प्रत्येक वेळी त्या चारही उतरणे परवडत नसल्यामुळे अलीकडे लागलेली उत्तरे प्रोसेसर टीएलबी नावाच्या छोट्या साठ्यात जपून ठेवतो. इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमध्ये या साठ्याच्या दुसऱ्या पातळीवर १,५३६ नोंदी मावतात. प्रत्येक नोंद ४ केबीची असेल तर त्या सगळ्या मिळून जेमतेम ६ एमबी मेमरी सांभाळतात. प्रत्येक नोंद २ एमबीची असेल तर तेवढ्याच नोंदी ३ जीबी सांभाळतात. हा फरक इतका ठसठशीत आहे की मोठ्या पानांविषयीचा प्रत्येक लेख येथूनच सुरू होतो आणि पुष्कळदा येथेच संपतो.

मात्र फाइल वाचण्याची नेहमीची वाट पाहा. प्रोग्रॅम 'रीड' हा सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलकडे मागणी, करतो, आणि कर्नल पेज कॅशमधला मजकूर प्रोग्रॅमने दिलेल्या जागेत उतरवून देतो. हे उतरवताना कर्नल पेज कॅशच्या पानापर्यंत पोहोचतो तो स्वतःच्या नकाशातून, म्हणजे सगळी मेमरी एकसलग दाखवणाऱ्या थेट नकाशातून. आणि एक्स८६-६४ वर तो नकाशा आधीपासूनच शक्य तेथे २ एमबीच्या किंवा १ जीबीच्या नोंदींनी बांधलेला असतो. फाइल ४ केबीच्या पानांत ठेवा किंवा २ एमबीच्या गठ्ठ्यात, या वाटेवर टीएलबीला फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो फाइल एम-मॅप करून प्रोग्रॅमच्या स्वतःच्या पत्त्यांत आणली तर. आणि तेथेही २ एमबीच्या नोंदीचा लाभ हवा असेल तर गठ्ठा पूर्ण २ एमबीचा असावा लागतो, आणि फाइलमधले स्थान व आभासी पत्ता दोन्ही त्या मापाला जुळावे लागतात.

मग 'रीड'ने वाचणाऱ्या प्रोग्रॅमचा वेग वाढतो कशाने? हिशेब कमी झाल्याने. १ जीबीची फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली जात आहे असे समजा. ४ केबीच्या मापाने तिची २,६२,१४४ पाने होतात. यातल्या प्रत्येक पानासाठी मेमरी वाटपकर्त्याकडून जागा मागायची, पानाला कुलूप लावायचे, फाइलच्या अनुक्रमणिकेत त्याची नोंद करायची, जुनी पाने निवडून काढण्याच्या एलआरयू यादीत त्याला बसवायचे, डिस्ककडून मजकूर आला की कुलूप काढायचे, वाचणाऱ्याने हात लावला की संदर्भांची मोजणी वाढवायची व कमी करायची, आणि पुढे मेमरीची चणचण भासली की हीच सगळी कामे उलट क्रमाने करायची. एकेक काम क्षुल्लक आहे. अडीच लाखांहून अधिक वेळा केले की क्षुल्लक राहत नाही. तोच मजकूर ६४ केबीच्या गठ्ठ्यांत ठेवला तर ही कामे १६,३८४ वेळा होतात, आणि २ एमबीच्या गठ्ठ्यांत ठेवला तर ५१२ वेळा.

अनुक्रमणिकेचेही तेच. ती एक्सअ‍ॅरे या झाडासारख्या रचनेत असते आणि तिच्या एका गाठीत ६४ नोंदी मावतात. वरच्या फाइलसाठी तळाच्या पायरीवर ४,०९६ गाठी लागतात. प्रत्येक गाठ साधारण ५७६ बाइटची, म्हणजे केवळ 'काय कुठे आहे' हे लक्षात ठेवण्यासाठी सव्वादोन एमबी. शिवाय मेमरीतल्या प्रत्येक ४ केबीच्या पानामागे कर्नल ६४ बाइटचे एक टिपण ठेवतो. १६ जीबीच्या यंत्रात अशी ४१,९४,३०४ पाने असतात आणि त्यांची टिपणे २५६ एमबी अडवून बसतात, म्हणजे एकूण मेमरीच्या दीड टक्क्याहून थोडे अधिक. गठ्ठे मोठे केल्याने ही टिपणे आजच नाहीशी होत नाहीत. पण प्रत्येक पानाचे टिपण ८ बाइटवर आणून बाकीचा तपशील गठ्ठ्यामागे एकदाच ठेवायचा, ही पुढची योजना गठ्ठ्यांवरच उभी आहे.

४ केबीचे माप चुकीचे होते असे मात्र नाही. व्हॅक्स संगणकांचे पान ५१२ बाइटचे होते. १९८५ साली इंटेलचा ८०३८६ आला तेव्हा त्याने ४ केबीचे पान आणले, आणि मेमरी काही एमबीत मोजली जाई त्या काळात ते ऐसपैसच होते. पुढे मेमरी हजारो पटींनी वाढली आणि पान तेवढेच राहिले.

प्रश्न : 'फोलिओ' हे नुसते नवे नाव आहे की काही वेगळी गोष्ट आहे? सलग पाने जोडून वापरण्याची सोय कर्नलमध्ये आधीपासून होती ना?

उत्तर : होती. २ एमबीची पाने हिशेबी पद्धतीने राखून ठेवण्याची ह्यूजटीएलबीची सोय बरीच जुनी आहे, आणि प्रोग्रॅमला न सांगता मोठी पाने देणारी ट्रान्सपरंट ह्यूज पेजेसची सोय २०११ च्या २.६.३८ आवृत्तीत आली. सलग पानांची अशी जोडणी केली की पहिले पान म्होरके आणि बाकीची शेपटाची, अशी व्यवस्था असे. अडचण अशी की कर्नलमधल्या एखाद्या फंक्शनच्या हाती पानाचा निर्देश आला, तर ते सुटे पान आहे, म्होरके आहे की शेपटाचे, हे त्या निर्देशावरून कळत नसे. मग सावधगिरी म्हणून जागोजागी 'याचे म्होरके कोण' अशी विचारणा करावी लागे. एखाद्या ठिकाणी विचारणा राहून गेली की शेपटाच्या पानावर भलतीच खूण उमटायची. आणि जेथे राहत नसे तेथे एकच प्रश्न एकाच वाटेवर चार-चार वेळा विचारला जाई.

कर्नलवर काम करणारे मॅथ्यू विल्कॉक्स यांनी मांडलेला फोलिओ हा डेटा प्रकार या संदिग्धतेवरचा उपाय आहे. फोलिओ एका पानाचा असेल किंवा ५१२ पानांचा, पण तो शेपटाचे पान कधीच नसतो, अशी हमी त्या प्रकारातच आहे. फंक्शनने फोलिओ मागितला म्हणजे विचारणेचे काम आधीच झालेले असते, आणि चूक झाली तर ती चालत्या यंत्रात उघडी पडण्याआधी कंपायलरच दाखवतो. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या ५.१६ आवृत्तीत हा प्रकार दाखल झाला. नाव छपाईच्या धंद्यातले आहे: मोठा कागद एकदा दुमडून केलेले पान.

'हजारो ओळी बदलल्या आणि मिळाले काय, तर नवे नाव' अशी टीका त्या वेळी झाली होती आणि आजही अधूनमधून ऐकू येते. मला ती पटत नाही. पेज कॅशमध्ये मोठे गठ्ठे ठेवण्याची कल्पना नवी नव्हती; अडत होते ते 'पान म्हणजे ४ केबी' हे गृहीतक प्रत्येक फाइल सिस्टिममध्ये मुरलेले होते म्हणून. ते गृहीतक कोठे कोठे आहे हे शोधून काढण्याचे कंटाळवाणे काम नव्या प्रकारामुळे कंपायलरकडे सोपवता आले. ज्यांचे काम आधीच नीट मांडलेले होते ते आधी पुढे गेले. एक्सएफएस या फाइल सिस्टिमची वाचन-लेखनाची वाट आयोमॅप या सामाईक थरातून जाते, म्हणून मे २०२२ च्या ५.१८ आवृत्तीतच तिला मोठे फोलिओ वापरता आले. एक्सटी४ या दुसऱ्या फाइल सिस्टिमला साध्या फाइलींसाठी तेच करायला जुलै २०२५ ची ६.१६ आवृत्ती उजाडली.

प्रश्न : फोलिओ किती मोठा असावा हे कोण ठरवते? माझ्या प्रोग्रॅमने काही सांगावे लागते का?

उत्तर : सहसा नाही. वाचनाच्या वेळी हे काम रीडअहेडकडे असते. प्रोग्रॅम फाइल क्रमाने वाचत आहे असे दिसले की कर्नल मागणी येण्याआधीच पुढचा मजकूर आणून ठेवतो. आणि आणायचेच आहे तर किती मोठ्या गठ्ठ्यात आणावे, हा निर्णयही तेथेच घेणे सोयीचे पडते.

एक उदाहरण पायरीपायरीने पाहू. प्रोग्रॅमने फाइल उघडून पहिले ४ केबी वाचले. कर्नलला अजून या वाचकाचा स्वभाव माहीत नाही, म्हणून तो थोडाच मजकूर पुढे आणून ठेवतो, तोही सुट्या पानांत, आणि त्यांतल्या एका पानावर खूण करून ठेवतो. वाचक त्या खुणेपर्यंत पोहोचला याचा अर्थ तो खरोखरच क्रमाने वाचत आहे. मग पुढचा मजकूर आणायला निघायचे, आणि या खेपेला फोलिओ चौपट मोठा, म्हणजे १६ केबीचा घ्यायचा. त्यावरच्या खुणेपर्यंत वाचक आला की त्यापुढचा ६४ केबीचा. याप्रमाणे ज्या फोलिओवर खूण सापडली त्याच्या चौपट पुढचा फोलिओ, असे मूळ सूत्र आहे. त्याला तीन लगाम आहेत. रीडअहेडच्या खिडकीपेक्षा फोलिओ मोठा होऊ शकत नाही, आणि ही खिडकी मुळात १२८ केबीची असल्यामुळे ती वाढवल्याशिवाय गाडी त्यापुढे सरकत नाही. फोलिओची सुरुवात त्याच्या मापाच्या पटीतच असावी लागते. ६४ केबीचा फोलिओ फाइलमध्ये २० केबीच्या स्थानापासून सुरू होऊ शकत नाही. आणि फाइलच्या शेवटाजवळ पोहोचल्यावर उरलेल्या मजकुरात मावेल इतपत फोलिओ लहान केला जातो.

या सूत्रातली मला आवडणारी गोष्ट अशी की अंदाज चुकला तरी नुकसान मर्यादित राहते. फाइलमध्ये इकडेतिकडे उड्या मारत वाचणारा प्रोग्रॅम खुणेपर्यंत सहसा पोहोचतच नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याला मोठे फोलिओ येत नाहीत, आणि त्याने न मागितलेल्या मजकुराने मेमरी भरत नाही. एम-मॅप केलेल्या फाइलविषयी प्रोग्रॅमला खात्रीच असेल तर तो 'एमअ‍ॅडव्हाइज'मधून मोठ्या पानांची इच्छा कळवू शकतो. तेव्हा रीडअहेड पायऱ्या न चढता थेट २ एमबीच्या मापाने मजकूर आणायचा प्रयत्न करतो.

फोलिओचे किमान माप ठरवण्याची सोयही आता झाली आहे. नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ आवृत्तीपासून एक्सएफएसमध्ये पानापेक्षा मोठा ब्लॉक (फाइल सिस्टिमचे डिस्कवरील जागेचे एकक) ठेवता येतो, आणि तसे केल्यास त्या फाइल सिस्टिममध्ये ब्लॉकपेक्षा लहान फोलिओ तयारच होत नाही.

प्रश्न : २ एमबीच्या फोलिओतला एकच बाइट बदलला, तर डिस्कवर २ एमबी लिहावे लागतात का? तसे असेल तर हा फायदा आहे की तोटा?

उत्तर : प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. 'बदललेले', म्हणजे डर्टी, ही खूण फोलिओवर एकच असते. सुट्या पानांच्या काळात एक बाइट बदलला की ४ केबी लिहावे लागत. खूण फोलिओची झाली आणि दुसरे काहीच केले नाही, तर त्याच एका बाइटपायी ५१२ पट लिखाण करावे लागेल. डेटाबेससारखा प्रोग्रॅम फाइलमध्ये ठिकठिकाणी छोटे बदल करत असतो, त्याच्या दृष्टीने ही शिक्षाच.

आयोमॅपमध्ये यावर उपाय झाला तो ऑक्टोबर २०२३ च्या ६.६ आवृत्तीत. फोलिओच्या जोडीला एक छोटा नकाशा ठेवून त्यात प्रत्येक ब्लॉकसाठी 'डिस्कवरून आलेला आहे' आणि 'बदललेला आहे' असे दोन बिट राखले जातात. ४ केबीच्या ब्लॉकने २ एमबीच्या फोलिओत ५१२ ब्लॉक होतात, म्हणजे १,०२४ बिट, म्हणजेच १२८ बाइट. एवढ्या खर्चात, लिहायची वेळ आली की फक्त बदललेले ब्लॉक डिस्ककडे पाठवता येतात. त्याच आवृत्तीत लेखनाच्या वाटेवरही मोठे फोलिओ बनू लागले: प्रोग्रॅमने एका 'राइट'मध्ये जितका मजकूर दिला त्या मानाने फोलिओचे माप घेतले जाते. हे दोन्ही बदल एकाच वेळी येणे योग्यच होते. पहिला नसता तर दुसऱ्याने पुष्कळांना पस्तावायला लावले असते.

एम-मॅपच्या वाटेवर मात्र हा उपाय पुरा पडत नाही. तेथे प्रोग्रॅम कर्नलला न विचारता थेट मेमरीत लिहितो आणि प्रोसेसर पेज टेबलमधल्या नोंदीवर 'बदलले' अशी खूण करतो. नोंद २ एमबीची असेल तर खूणही त्या सगळ्या २ एमबींसाठी एकच असते, आणि नेमका कोणता ब्लॉक बदलला हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

प्रश्न : इतकी सलग मेमरी कायम मिळत राहते का? यंत्र बरेच दिवस चालू असेल तर?

उत्तर : न मिळणे हेच स्वाभाविक. किती थोड्याने बिघडते ते पाहा. १६ जीबीच्या यंत्रात २ एमबीचे ८,१९२ तुकडे असतात. प्रत्येक तुकड्यात हलवता न येणारे एकच ४ केबीचे पान बसले, तर त्या सगळ्या पानांची बेरीज होते केवळ ३२ एमबी. आणि उरलेली जवळजवळ सगळी मेमरी मोकळी असूनही २ एमबीचा एकही सलग तुकडा निघत नाही.

म्हणून कर्नल हलवता येणारी व न येणारी पाने शक्यतो वेगवेगळ्या भागांत ठेवतो, आणि निकड पडली तर हलवता येणारी पाने एका बाजूला सरकवून जागा सलग करतो. पण हे सरकवणे फुकट होत नाही; 'मोठी पाने चालू केली आणि यंत्र मधूनमधून अडखळू लागले' या तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा तेच असते. पेज कॅशच्या रीडअहेडने येथे शहाणपण दाखवले आहे. मोठा फोलिओ मागताना तो हट्ट धरत नाही. मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर मुकाट्याने सुट्या पानांवर येतो. शिवाय २ एमबी किंवा ४ केबी अशी दोनच टोके नसल्याने ६४ केबीचा मधला पर्याय हाताशी असतो, आणि एवढा सलग तुकडा सापडणे २ एमबीच्या मानाने पुष्कळच सोपे असते. हिशेबातली बहुतेक बचत तेवढ्यावरही पदरात पडते: २,६२,१४४ वरून १६,३८४ वर आले की वाचवण्यासारखे मूळ कामाच्या सहा टक्क्यांच्या आसपासच उरते. त्यामुळे पेज कॅशसाठी २ एमबीचा ध्यास घेण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : एवढा खटाटोप करण्याऐवजी मूळ पानच ६४ केबीचे का करत नाहीत?

उत्तर : काही ठिकाणी करतातही. आर्मच्या ६४ बिट प्रोसेसरवर ४, १६ किंवा ६४ केबीचे मूळ पान निवडता येते. अ‍ॅपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवर मॅकओएस १६ केबीचे पान वापरते, आणि अँड्रॉइडनेही १५ व्या आवृत्तीपासून १६ केबीच्या पानाला वाट करून दिली आहे. पण मूळ पान मोठे केले की ते प्रत्येक फाइलला लागू होते, मग ती कितीही लहान असो. ४ केबीत मावणाऱ्या ५०,००० फाइली मेमरीत ठेवायच्या झाल्या तर ४ केबीच्या पानांनी सुमारे २०० एमबी लागतात. ६४ केबीच्या पानांनी त्याच फाइलींना ३ जीबीहून अधिक लागतात. सोर्स कोडचे मोठे भांडार हाताळणाऱ्यांना हा फटका चांगलाच जाणवतो. फोलिओत माप फाइलगणिक, किंबहुना एकाच फाइलमध्ये जागेगणिक बदलू शकते.

प्रोसेसरही मधल्या मापांना मदत करू लागले आहेत. आर्मवर ४ केबीच्या १६ सलग नोंदींवर विशिष्ट खूण केली की टीएलबी त्या सगळ्यांना ६४ केबीची एक नोंद मानू शकतो, आणि मे २०२४ च्या ६.९ आवृत्तीपासून लिनक्स ही खूण आपण होऊन करतो.

प्रश्न : आमच्या डेटाबेसच्या मार्गदर्शिकेत ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस बंद करायला सांगितले आहे. मग पेज कॅशचे मोठे फोलिओही बंद होतात का? आणि ते व्हावेत का?

उत्तर : या दोन गोष्टींची फार गल्लत होते. 'ऑलवेज', 'एमअ‍ॅडव्हाइज' आणि 'नेव्हर' असे तीन पर्याय देणारी ती सेटिंग मुख्यतः प्रोग्रॅमच्या स्वतःच्या, म्हणजे कोणत्याही फाइलशी न जोडलेल्या मेमरीसाठी आहे. कर्नल बांधताना ट्रान्सपरंट ह्यूज पेजेसचा भाग त्यात असावा लागतो, एवढेच. पण 'नेव्हर' निवडल्याने रीडअहेड मोठे फोलिओ वापरायचे थांबवत नाही.

डेटाबेसांचा सल्ला निराधार नव्हता. रेडिससारखा प्रोग्रॅम डेटा डिस्कवर उतरवण्यासाठी स्वतःची प्रतिकृती प्रक्रिया निर्माण करतो. जुन्या कर्नलमध्ये त्यानंतर मोठ्या पानात कोठेही लहानसा बदल झाला तरी सबंध २ एमबीची नक्कल करावी लागे, आणि त्यात वेळ व मेमरी दोन्ही जात. मात्र असे सल्ले ज्या काळच्या कर्नलला धरून दिलेले असतात त्याच काळापुरते खरे असतात. मोंगोडीबीने वर्षानुवर्षे 'बंद ठेवा' असे सांगून ८.० आवृत्तीपासून 'चालू ठेवा' असा सल्ला दिला आहे. तेव्हा आपण वापरत असलेल्या आवृत्तीची मार्गदर्शिका पुन्हा उघडून पाहावी.

प्रश्न : माझ्या यंत्रावर फाइली खरोखरच मोठ्या फोलिओंत ठेवल्या जात आहेत का, हे कसे तपासू?

उत्तर : आधी कर्नलची आवृत्ती आणि फाइल सिस्टिम पाहावी: एक्सएफएस असेल तर ५.१८ पासून वाचनासाठी व ६.६ पासून लेखनासाठीही, आणि एक्सटी४ असेल तर ६.१६ पासून. प्रत्यक्ष पुरावा हवा असेल तर पेज कॅशमध्ये नवी भर पडते त्या जागी कर्नलमध्ये एक ट्रेसपॉइंट (घडणारी प्रत्येक घटना ओळीने नोंदवणारी सोय) आहे, तो चालू करून एखादी मोठी फाइल वाचावी. त्याच्या प्रत्येक ओळीत 'ऑर्डर' नावाचा आकडा असतो. ० म्हणजे सुटे पान, २ म्हणजे १६ केबी, ४ म्हणजे ६४ केबी, ९ म्हणजे २ एमबी. फाइल क्रमाने वाचली जात असेल तर सुरुवातीला ०, मग २, मग ४ असे आकडे चढताना दिसतात. वर वर्णन केलेल्या पायऱ्या त्या याच.

हे करताना मी स्वतः एकदा अर्धा दिवस फुकट घालवला आहे. ट्रेसपॉइंट चालू केला, फाइल वाचली, आणि एकही ओळ उमटेना. कर्नल चुकीचा बांधला असेल असे समजून तो पुन्हा बांधायलाही घेतला. फाइल आदल्याच चाचणीत पूर्ण वाचून झालेली होती आणि सगळीच्या सगळी कॅशमध्ये बसलेली होती, त्यामुळे नवी भर पडण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा चाचणीआधी कॅश रिकामी करून घ्यावी, किंवा कधीही न उघडलेली फाइल घ्यावी. मेमरीच्या एकूण आकडेवारीत 'फाइल ह्यूज पेजेस' अशीही एक ओळ असते, पण ती केवळ २ एमबीचे फोलिओ मोजते. १६ किंवा ६४ केबीचे फोलिओ कितीही असले तरी तेथे शून्यच दिसते.